आजोबांच्या दोन जन्मतारखा

"माणूस एकदा जन्मतो, दादा. आपले आजोबा दोनदा जन्मलेत."

"कारकुनानं साल चुकवलं असेल."

"कारकुनावर ढकलू नकोस. मीही तीच जात."

फाइलताई एकतीस वर्षं इस्पितळाच्या रेकॉर्डरूममध्ये होती; हे नावही तिला तिथंच पडलेलं. एकाच नावाच्या दोन रुग्णांचे कागद मिसळले की हाक तिलाच. नावावर विसंबायचं नाही. तारीख बघायची, आईचं नाव बघायचं, हा तिचा शिरस्ता. निवृत्तीनंतर गुडघे गेले, नजर अधू झाली, तरी 'तुझ्या डाव्या हातचा मळ' म्हणत भावानं घरची वंशावळ तिच्या गळ्यात मारली. उद्या ती छापायला जायची होती.

टेबलभर कागद, चहावर साय धरलेली. तिनं थकल्या आवाजात उलगडून सांगितलं: आजोबांच्या नावाचा एक जन्म, तीन वर्षांनी त्याच नावाचा मृत्यू, तापानं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच नाव, तेच आईबाप. गेलेल्या लेकराचं नाव पाठच्याला द्यायची घराची रीतच होती. म्हणजे आजोबा चौऱ्याण्णव नव्हे, नव्वद वर्षं जगले.

दादा हिरमुसला. ते चौऱ्याण्णव त्यानं चारचौघांत फार मिरवले होते. शेवटी म्हणाला, बरं बाई, त्या पोरालाही एक चौकट दे आणि मिटव.

मिटलं नव्हतं. तिनं आईच्या कपाटात सापडलेलं लसीचं कार्ड पुढे सरकवलं. नाव तिचं, आईचं नाव बरोबर, घर नंबर बरोबर. तारखा मात्र तिच्या जन्माच्या दोन वर्षं आधीच्या.

नर्सची चूक, असं दादा पुटपुटला. तीन डोस, तीन हस्ताक्षरं, तिघी कशा चुकतील, असं तिनं विचारलं. महिनाभर ती ते कार्ड उघडत-मिटत होती. परक्यांच्या ओळखी निस्तरण्यात हयात गेली, आणि आपलीच फाइल अशी निघावी.

"तू तेव्हा आठ वर्षांचा होतास, तुला माहीत असणार. भांडायचं त्राण नाही रे आता. माझ्याआधी कोणी होती का, एवढंच सांग. असेल तर तिची चौकट काढते आणि पेन खाली ठेवते."

दादानं कार्ड डोळ्यांजवळ नेलं. नावावर बोट टेकवलं, लहान लेकराला थोपटावं तसं दोनदा थोपटलं. मग चपला पायांत सरकवल्या, कठडा धरला, आणि एकेक पायरी उतरत निघून गेला.