बिनफोडणीचे चार दिवस

माझ्या आणि धाकट्या जावेच्या स्वयंपाकघरात एकच भिंत आहे, आणि तीही वर टिनापर्यंत पोचलेली नाही. हातभर जागा मोकळी आहे. त्यामुळे तिच्याकडे काय शिजतंय ते मला विचारावं लागत नाही, आणि माझ्याकडचं तिला. तिच्या कढईत मिरची पडली की ठसका मला लागतो. भाऊ वेगळे निघाले, चुली वेगळ्या झाल्या, अंगण तेवढं एकच राहिलं.

मागच्या फाल्गुनात माझी मुलगी तिच्या आठ महिन्यांच्या पोरीला घेऊन माहेरी आली होती. नात नुकती रांगायला लागलेली. खाली ठेवली की अंगणातून सरळ जावेच्या घराकडे सुटायची, कारण तिथे जावेचा नातू होता, पावणेदोन वर्षांचा. दोघं एका चटईवर बसून एका खुळखुळ्यासाठी भांडायची. त्याचं नाक वाहत होतं, खोकत होता, पण लेकरांचं नाक वाहतं त्यात काय नवल, असं आम्ही म्हणालो.

हरभऱ्याची काढणी चालू होती. दिवसभर मी शेतात. एका संध्याकाळी भाकरी थापायला बसले आणि वाटलं, आज शेजारून कसला वास नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हटलं, जावेचा उपास असेल, तिला उपासांचा भारी शौक. तिसऱ्या दिवशी नुसत्या भाताचा वास आला. चौथ्या दिवशी पीठ मळता मळता माझे हात थांबले.

आमच्याकडे घरातली फोडणी बंद होते ती माता आली की. म्हणजे गोवर निघाला की. तेल तडतडलं की मातेला त्रास होतो म्हणतात, म्हणून तळण नाही, फोडणी नाही, बिनमिठाचा भात आणि दही. आणि दाराला निंबाचा डहाळा. तो डहाळा दिसला की बाहेरचं माणूस उंबऱ्यावरूनच परत जातं, आणि लेकरांना तर त्या बाजूला कोणी फिरकूही देत नाही. कोणाला काही सांगावं लागत नाही. माझ्या सासूने हे पाळलं, मीही पाळलं.

जावेच्या दाराला डहाळा नव्हता. मी पिठाच्या हातांनीच उठले आणि तिच्या घरात शिरले. पोरगं खाटेवर पडलं होतं, तोंडावरचं पुरळ काळपट पडत चाललेलं. जावेची सून उशाशी बसून निंबाच्या डहाळीने वारा घालत होती. डहाळा होता, पण घरात, आतल्या खोलीत.

"कवापासून?" मी विचारलं.

"चार दिवस झाले, बाई," जाऊ म्हणाली. खाली बघूनच बोलत होती.

"मंग दाराले डहाळा काहून नाई लावला वं? माही नात इथंच लोळून राह्यली न!"

"अंगावर निंगाल्यावर नाई येऊ देलं तिले आत. पर त्याच्या आंदी नुसता तापच होता, कोणाले माहीत? आन् डहाळा लावला असता तर नर्सबाईनं रस्त्यावरून पाह्यला असता. तुमी तिले तेवढ्या बोलल्या होत्या. तुमचंच तोंड खाली झालं असतं."

माझं तोंड! माझ्या तोंडासाठी तिने मातेचा डहाळा आत लपवला होता.

आता ते बोलणं काय होतं ते सांगते. मी डोक्याने गरम. पाच वर्षं ग्रामपंचायतीची मेंबर होते, तेव्हापासून बायका मला वचकून असतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. दिवाळीनंतर नर्सबाई लसीकरणाला आली होती. नवी होती, तरणी, बोलणं शहरातलं. जावेने पोराला सुई द्यायला नाही म्हटलं. आधीच्या एका सुईने त्याच्या मांडीला गाठ आली होती, दोन दिवस ताप होता, तिने ते रडणं मांडीवर घेऊन काढलं होतं. त्यात तिच्या मुलाने पुण्याहून मोबाइलवर कसलासा व्हिडिओ पाठवला, सुईने लेकरं अधू होतात म्हणून. नर्सबाईने आधी नीट समजावलं. सुईनंतर ताप येतो, उतरतो, म्हणाली. मग तिचाही धीर सुटला आणि साऱ्या गल्लीदेखत म्हणाली, "तुमच्यासारख्या अडाणी लोकांमुळेच सगळ्यांना त्रास."

अडाणी म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. मी माझ्या ओट्यावरून खाली उतरले. "अवं बाई, अडाणी कोणाले म्हणता? ज्याचं लेकरू त्याची मर्जी. आमच्या दारात येऊन आमालेच शिकवता? चाला, निंगा!" ती निघाली. बायका माझ्याकडे बघून हसल्या, आणि मला बरं वाटलं. रात्री जावेने माझ्यासाठी वाटीभर शिरा पाठवला.

गंमत बघा, माझ्या दोन्ही लेकरांना मी एकूण एक सुया दिल्या होत्या. एकदा शेलूबाजारच्या दवाखान्यात जायला जीप मिळाली नाही तर पोराला कडेवर घेऊन भर उन्हात चालत गेले होते. मला सुईशी काही घेणं नव्हतं. भांडण माझं त्या एका शब्दाशी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच उपकेंद्रावर गेले. जिला दारातून हाकललं तिच्यासमोर उभी राहिले. ती काही बोलेल म्हणून रस्ताभर मनात उत्तरं जुळवली होती. तिने पर्स उचलली, माझ्याबरोबर आली, जावेच्या नातवाला तपासलं, डोळ्यांसाठी औषधाचा डोस पाजला. मग माझ्या नातीला मांडीवर घेतलं.

"हिची गोवरची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते," ती म्हणाली. "तीन दिवसांच्या आत कळलं असतं तर लवकर देऊन बघता आली असती, कदाचित टळलं असतं. आता वाटच बघावी लागेल. ताप आला, खोकला आला तर थांबू नका, मला लगेच सांगा."

माझी मुलगी म्हणाली, "नऊ पुरे व्हायले बाराच दिवस होते, आई." ती ते बारा दिवस बोटांवर मोजत बसली होती.

मग वाट बघणं सुरू झालं. शेतात मजूर होते, मी गेले नाही. तासातासाला नातीच्या कपाळाला हात लावायचा, मानेला लावायचा, पुन्हा कपाळाला. ती हसायची, तिला तो खेळ वाटायचा. मला सारखं एकच डोक्यात यायचं. ज्याचं लेकरू त्याची मर्जी, हे मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं. पण या पोरीची मर्जी कुठे होती? तिला सुई घ्यायची सोयच नव्हती अजून. तिच्या वाटची सुई शेजारच्या पोराला टोचायची होती, आणि ती आणणारी बाई मी दारातून परत पाठवली होती. हे मला कोणी समजावून सांगितलं असतं तर मी त्याच्याशीही भांडले असते. कपाळाला हात लावून लावून ते मला कळलं.

दोघं शेवटचं एकत्र खेळल्यापासून अकराव्या दिवशी कपाळ तापलं. डोळे लाल, नाक वाहतं. तीन दिवसांनी कानामागून पुरळ निघालं आणि अंगभर पसरलं. मी दाराला हा मोठा डहाळा लावला आणि फोडणी बंद केली. तापाच्या पहिल्याच दिवशी नर्सबाईला फोन केला होता, ती येऊन बघून जायची. पुरळाच्या दुसऱ्या दिवशी पोरीच्या बरगड्यांखाली श्वासागणिक खड्डा पडायला लागला. नर्सबाईने तो पाहिला आणि म्हणाली, वाशिमला न्या, आत्ता.

माय वं, तो रस्ता! जीपमध्ये मी पोरीच्या छातीवर हात ठेवून बसले होते, श्वास चालू आहे एवढं हाताला कळावं म्हणून. दवाखान्यात तिच्या नाकाला नळी लावली, वेगळ्या खोलीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, गोवर फुफ्फुसात उतरला आहे, दोन दिवस काही सांगता येत नाही. मी देवाजवळ काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी तिने आईचं दूध ओढलं. मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले, मोठ्याने रडले, लाज वाटली नाही.

त्याच संध्याकाळी मुलीने विचारलं, "आई, त्यायच्या पोराले सुई काहून नव्हती देल्ली?"

"तुही काकू नाई म्हणे," मी म्हणाले. एवढंच म्हणाले. बाकीचं गिळलं.

आठव्या दिवशी घरी आलो. पोर चिपाडासारखी झाली होती, पण डोळ्यांत तेज आलं होतं, खुळखुळ्याकडे हात करत होती. अंगणात जावेची सून उभी होती. तिचा पोरगा बरा होऊन खेळत होता. ती पुढे आली, नातीला घ्यायला हात पसरले, आणि माझी मुलगी भडकली. डोकं माझंच आहे तिचं.

"हात नोको लावू! तुनं आपल्या पोराले सुई देल्ली असती तर माही पोरगी मरायले टेकली नसती. कशी माय आहेस वं तू?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. तेवढंच, आणि मान खाली घातली. तिची सासू दारात उभी होती, तीही गप्प. आताही माझं तोंड सांभाळत होत्या त्या दोघी.

"तिले नोको बोलू," मी म्हणाले. "नर्सबाईले मी हाकललं होतं. मी म्हणलं होतं, ज्याचं लेकरू त्याची मर्जी."

मुलगी शांतपणे म्हणाली, "तिचं लेकरू होतं न, आई? मंग तिची मर्जी इचारली होती का तुनं तिले?"

 

तेव्हा सून बोलली. आवाज अगदी हळू होता. "मी सुईचं कार्ड घेऊनच उभी होती, मोठ्या आई. तुमच्या मांगंच. तुमी मांगं पाह्यलंच नाई."

मुलगी दुसऱ्याच दिवशी सासरी गेली. भांडून गेली नाही, पण मी थांब म्हटलं तर थांबली नाही. पोरीची सुई तिने तिकडेच घेतली. गोवर होऊन गेला तरी द्यायची असते, असं नर्सबाईने सांगितलं होतं. फोन करते, नातीला फोनजवळ धरते. राहायला मात्र अजून आलेली नाही.

नर्सबाई पुन्हा लसीकरणाला आली तेव्हा मी ओट्यावर तूर पाखडत होते. ती अंगणात आली, आणि सवयीने म्हणा, भीतीने म्हणा, आधी माझ्याकडेच बघून म्हणाली, "त्या घरच्या बाळाची राहिलेली लस देऊ ना?"

"मले काहून इचारता?" मी म्हणाले. "लेकराच्या मायले इचारा."

विचारायची गरज नव्हती. सून आधीच बाहेर आली होती, पोरगं कडेवर, कार्ड हातात. मी सूप बाजूला ठेवून तिला वाट करून दिली. "मी येऊ का संगं?" म्हटलं.

ती थांबली, कडेवरच्या पोराला सावरलं. "नोका येऊ, मोठ्या आई," म्हणाली, आणि नर्सबाईच्या पाठोपाठ अंगणवाडीकडे निघून गेली. मी ओट्यावरच बसून राहिले.