चष्मा लावून शेतात

कळमनुरीला चष्म्याचं दुकान टाकलं तेव्हा वाटलं होतं, नंबर काढायचा, फ्रेम बसवायची, विषय संपला. कसलं काय! गिऱ्हाईक चष्मा लावून शेतात जातं आणि पुढच्या बाजाराला किस्सा घेऊनच परत येतं. आता तर चहाला जमलेले मित्र आधी विचारतात, "काय, या आठवड्यात कोण?"

*

शिरड शहापूरचे दाजीबा. मी भिंतीवरची अक्षरं दाखवली तर म्हणाले, "अक्षरं काहून दाखवून राहिले? मला पानावरची अळी दिसली पाहिजे!"

पिशवीतून सोयाबीनची फांदीच काढून टेबलावर ठेवली. मी तपासायच्या फ्रेममध्ये जवळचं भिंग घातलं. त्यांनी पान उलटलं. एक अळी, दोन, चार... चेहरा पार उतरला.

"साहेब, काढा हे भिंग. घरून निघालो तवा रान चांगलं निरोगी होतं!"

चष्मा घेऊन गेले मात्र. फवारणीही वेळेवर झाली.

*

बिरूभाऊ मेंढ्या राखतात. लांबचं दिसेना, म्हणून नवा चष्मा घेतला आणि ऐटीत माळावर गेले. तर त्यांचंच कुत्रं अंगावर धावून आलं! चष्मा काढला की शेपूट हलवायचं, घातला की भुंकायचं.

दुसऱ्या बाजाराला दुकानात येऊन म्हणाले, "बराबर दिसून राहिलं सगळं. पण मला कुत्रं दिसायला लागलं, तर कुत्र्याला मी दिसेना!"

*

माधवरावांना जवळचा आणि लांबचा असा दुहेरी चष्मा दिला. "चालताना खालच्या काचेतून बघू नका, जमीन वर आल्यासारखी वाटते," असं बजावलं होतं. पण ते ऐकतात कुठले!

शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घोड्यासारखे पाय उचलत निघाले. शेजारच्या शेतात गंगाधर. त्याच धुऱ्यावरून दोघांचं तीन वर्षं बोलणं बंद. पण त्याला राहवेना.

"काहून नाचून राहिले?"

"अरे, धुरा वर आला!"

"येऊ द्या की आभाळापर्यंत! माझ्याकडं सरकला न्हाई म्हंजे झालं!"

*

पारूमावशीनं निवडलेल्या डाळीत खडा सापडणार नाही, अशी तिची ख्याती. म्हणजे ती ख्याती मावशीच सांगायची. सुनेनं तिला चष्मा करून दिला. तिसऱ्या दिवशी मावशी तरातरा दुकानात हजर.

"बदलून द्या हा. काचंत खडे हायेत!"

मागं उभी असलेली सून तोंडाला पदर लावून नुसती हलत होती.

*

आणि हे किसनराव-गयाबाई. कनेरगाव नाक्याच्या पुढं आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात राहतात. मी त्या बाजूला तपासणीला गेलो होतो. दोघांत मिळून एक चष्मा! औषधाच्या बाटलीवरचं वाचायला किसनरावांना लागतो, सुईत दोरा ओवायला गयाबाईला. मी दोघांचे डोळे तपासले. नंबर एकच निघाला.

म्हटलं, "एक चष्मा माझ्याकडून घ्या. फुकट."

किसनराव पाणी आणायला गेले तशी गयाबाई हळूच म्हणाली, "नगं दादा. लेकी सासरी गेल्या. ह्यांचं तोंड दिवसभर बंद. ह्या चष्म्यापायी तेवढं दहा येळा हाक मारतेत मला. दुसरा आला तर तेबी संपंल."

मी चष्मा गुपचूप बॅगेत परत ठेवला.

किसनराव मला गाडीपर्यंत सोडायला आले. घराकडं एकदा बघितलं, बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि कापडात गुंडाळलेला एक चष्मा काढला. नवाकोरा.

"दांडीचा स्क्रू ढिला झालाय, तेवढा कसून द्या. थोरलीनं दिवाळीला धाडलाय. हिला सांगू नका मात्र."

मी स्क्रू कसून दिला. त्यांनी चष्मा नीट गुंडाळून खिशात घातला आणि घराकडं तोंड करून जोरात ओरडले, "अगं ए, चष्मा कुठं ठिवला?"