कमरेची सुरी

धार लावणाऱ्याच्या चाकातून तापल्या लोखंडाचा वास आला, की मला मंगळवार पेठेतलं लोहाराचं दुकान आठवतं. मी कोल्हापुरात नर्सची नोकरी नुकतीच धरली होती. संध्याकाळी हातकणंगले स्टेशनवर उतरून उसातल्या वाटेनं घरी जायचं. चार दिवस एक माणूस माझ्या मागं मागं येत होता. आईला सांगितलं, तशी ती मला त्या दुकानात घेऊन गेली.

लोहारानं घडीचा चाकू पुढं केला.

“ह्यो नगं,” आई म्हणाली. “भ्यालेल्या हातानं उघडत न्हाई. म्यानातली बारकी सुरी दावा.”

सुरीची मूठ माझ्या घामेजल्या बोटांतून निसटत होती. आईनं माझा अंगठा सरळ केला. “आसं धर. आन् पिशवीत न्हाई, कमरंला ठेव. पिशवी आधी वढत्यात.”

लोहार चमकून तिच्याकडं बघत राहिला. मी पात्याकडंच बघत होते. ही खरंच चालवावी लागली तर?

तशी वेळ आली नाही. तो माणूस पुढं दिसलाच नाही. आईला हे सगळं कसं ठाऊक, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. बऱ्याच वर्षांनी पडला, तेव्हा तिला विचारायचा धीर झाला नाही.