शाळेच्या लॅबसाठी लिनक्स

निजामपुऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात एक अनोळखी बाई जुन्या कीबोर्डचं एकेक बटण दाबून, ओढणीनं पुसून बघत होती. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. सर्व्हरवर आणि मुलांच्या मशीनवर ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून कुठलं लिनक्स टाकावं, हे दुकानदाराशी बोलत होते: नव्या अपडेटनं सतत बदलणारं, की वर्षानुवर्षं तसंच चालणारं? मला बदलणारं हवं होतं. ते शाळेत फक्त मलाच सांभाळता येईल, हेही मी बोलून गेले.

मान वर न करता ती म्हणाली, "बेटा, शादी करून गेलीस तर मागं कोण बघणार?"

अनोळखी माणसांना मी सहसा उत्तर देत नाही. रागही आला होता. पण प्रश्न बरोबर होता.

"तसंच चालणारं पेनड्राइव्हवर द्या," मी दुकानदाराला म्हटलं आणि तिच्याकडे वळले. "शादीसाठी नाही हां, आंटी. मी सुट्टीवर गेले तरी लॅब चालली पाहिजे."

"वही तो," ती म्हणाली.