गुलाबरावांनी बरोबर ओळखलं होतं

तीन वर्षं झाली, ही गोष्ट मी कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आमच्या रविवारच्या मंडळीजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही गुलाबरावांना ओळखत नाही — हासुद्धा भित्रेपणाच, नाही का?

आधी खेळ सांगतो. सोनेगावला माझ्या गच्चीवर दर रविवारी सकाळी आम्ही पाच रिटायर माणसं जमतो आणि फोटोंवरून जुनी विमानं ओळखतो. हसू नका. एकानं फोटो आणायचा, त्यावरचं नाव चिकटपट्टीनं झाकायचं. बाकीच्यांनी पंख, शेपटी, चाकं बघून चिठ्ठीवर नाव लिहायचं. फोन खिशातून काढायचा नाही. चुकेल त्यानं पुढच्या रविवारी तर्री-पोहे आणायचे. फोटो आणणारा त्या दिवसाचा पंच, आणि पंचाचा शब्द शेवटचा. म्हणूनच ज्याचं नाव पक्कं ठाऊक आहे असाच फोटो आणायचा, हा नियम. तो मीच केला होता.

आमच्यात गुलाबराव सगळ्यांत मोठे. मूळचे कुहीकडचे, उमेदीची वर्षं एका फ्लाइंग क्लबात मेकॅनिक म्हणून काढलेली. आम्ही चौघं विमानं पुस्तकांतून शिकलो, त्यांनी ती उघडून पाहिलेली. चिठ्ठी लिहायला त्यांना अर्धं मिनिट पुरायचं. आणि जिंकल्याचं त्यांना काही वाटायचंही नाही — याचाच मला राग यायचा. मी आयुष्यभर विम्याच्या ऑफिसात एक टेबल सांभाळलं. चारचौघांत मिरवावं असं मला एवढंच येत होतं. तेही या माणसाला माझ्यापेक्षा जास्त यावं?

आणखी एक गोष्ट मला माहीत होती, ती इथंच सांगायला हवी. गुलाबरावांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी घरच्यांनाही ओळखेनासे झाले होते. आपलंही तसंच होणार, ही गुलाबरावांची एकच भीती. एकदा जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनीच ती मला सांगितली होती.

त्या रविवारी पंच मी होतो. रद्दीतल्या एका जुन्या मासिकातून चित्र कापून आणलं होतं — शिकाऊ वैमानिकांचं छोटं विमान, दोन माणसं एकामागे एक बसतील असं. नाव? नाव त्या पानावर नव्हतंच. मला वाटलं चिपमंक, म्हणून मी चिपमंक ठरवलं आणि चित्राखालच्या कोऱ्या जागेवर चिकटपट्टी लावली. खाली काहीच लिहिलेलं नाही, हे कोणाला कळणार होतं?

तिघांनी चिपमंक लिहिलं. गुलाबरावांच्या चिठ्ठीवर होतं एचटी-टू — आपल्याच देशात बनलेलं, आता क्वचितच कुठं दिसणारं विमान. मी चिपमंक म्हणून जाहीर केलं. ते चित्र डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले.

“नाही गा. याच्या पोटाखाली झोपून काम केलं मी. हे एचटी-टू होय.”

दोन्ही विमानं दिसायला मावसभावांसारखी, वाद घालता आला असता. मी घातला नाही. मी म्हणालो, “गुलाबराव, वय झालं जी तुमचं.” सगळे हसले. तेही हसले, जरा उशिरानं.

इथवर ती चूक होती. पण त्याच दुपारी ते मासिक रद्दीत परत ठेवताना मी सहज पान उलटलं. पुढच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ओळ होती — मागील पानावरील चित्र, एचटी-टू. जेवायला बसण्याआधी मला कळलं होतं. फोन हातात होता. गुलाबराव चार गल्ल्या पलीकडे राहतात. मी गठ्ठ्याला सुतळी बांधली आणि वरणभात जेवलो.

का? पंचालाच नाव ठाऊक नव्हतं, हे कबूल करावं लागलं असतं, हे एक. पण खरं सांगू? मला बरं वाटत होतं. एकदा तरी मला त्यांच्यापेक्षा जास्त कळलं, असं चौघांना वाटलं होतं — ते मोडवेना.

पुढच्या रविवारी सांगू, म्हटलं. त्या रविवारी ते पोहे घेऊन आले आणि फोटो हातात न घेताच म्हणाले, “तुम्ही लिहा बाप्पा. माह्या डोक्याचा आता भरवसा नाही.” मग स्कूटर पुतण्याला देऊन टाकली. कुहीला एकटं जाणं बंद केलं. एकदा शर्टाच्या खिशातून कागद काढून दाखवला — घरचा पत्ता, बायकोचा नंबर. रस्ता विसरलो तर असावा, म्हणाले, हसत. ते रस्ता कधी विसरले नव्हते. काहीच विसरले नव्हते. मी त्यांच्या कपात चहा ओतत होतो.

मागच्या दिवाळीनंतर त्यांनी आपल्या जुन्या फोटोंचा बुटांचा खोका माझ्याकडे आणून दिला. “तुले जास्त समजते. तुह्यापाशीच राहू दे.” मी ठेवून घेतला.

वरूनच तिसरा फोटो. तिशीतले गुलाबराव, कोपरापर्यंत ग्रीस, पंखाला टेकून उभे. तेच विमान. मागे त्यांच्या अक्षरात — एचटी-टू आणि मी. म्हणजे पुरावा त्यांच्याच कपाटात होता. खोका उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. त्यांनी उघडला नाही. मी सांगितलं होतं ना, मग बघायचं कशाला?

तो फोटो माझ्या खणात आहे. गुलाबराव अजून दर रविवारी येतात, चष्मा खिशातच ठेवतात आणि आमचा खेळ बघत बसतात. परवा जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, आज विमान कोणतं होतं. मी नाव सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं.