मीठ लावलेला तुकडा

आमच्या आरमोरीच्या बाजारात मासोळी घेणारं गिऱ्हाईक आधी कल्ला उघडून बघतं. आत लालभडक असेल तर ताजी, फिकट पडला असेल तर कालची. माझी माय त्याची वाटच बघत नसे. मरळीचा कल्ला बोटाने वर करून ती गिऱ्हाइकाच्या नाकाशी धरायची. "पाह्य, कसा लाल हाये! खोटं बोलत असन तं फुकट ने." अशी ही बाई स्वतःचं तोंड मात्र कित्येक महिने कुणाला उघडून दाखवत नव्हती.

ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं. मी वडशाला शाळेत शिकवत होते आणि शनिवारी घरी यायचे. बाबा तळ्यात जाळं टाकायचे, माय विकायची. आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ गुडाखू घासायची. गुळात मळलेली ती तंबाखू बोटावर घेऊन दातांना चोळायची, उरलेली डाव्या गालात दाबून ठेवायची. त्या गालात आधी पांढरा चट्टा आला, मग चट्ट्याच्या मधोमध एक जखम. हळद झाली, तुरटी झाली, जखम भरेना. मला हे कळलं ते तिने तिखट सोडलं म्हणून. ठेच्याशिवाय जिच्या घशाखाली घास उतरत नसे, ती मुकाट्याने भातावर वरणाचं पाणी ओतून खात होती. माझं डोकंच फिरलं. भांडून भांडून तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर आमच्याच भागातले होते. त्यांनी बॅटरी लावून गाल पाहिला, मान दोन्ही बाजूंनी बोटांनी चाचपली आणि म्हणाले, बारकासा तुकडा काढून नागपूरला तपासायला पाठवू. मायने ओठ घट्ट मिटले.

"लोखंड लागलं का ते पसरते," ती म्हणाली. कॅन्सरला सुरी लागली की तो पसरतो, हे आमच्याकडे सगळ्यांनीच लहानपणापासून ऐकलेलं असतं.

डॉक्टर चिडले नाहीत. माय काय विकते ते त्यांना ठाऊक होतं. बहुधा गिऱ्हाईकच असावेत.

"बाई, गुडाखूनं गालाची कातडी रोज भाजते अन् शरीर रोज ते दुरुस्त करते," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं करता करता एखादी पेशी बिघडते. पेशी म्हणजे कातडीचा डोळ्याले न दिसणारा कण. बाकीच्या पेशी पाहिजे तेवढ्या वाढून थांबतात, हे थांबतच नाई. तिची पिल्लंबी तशीच निघतात. पहिले सारी जागच्या जागी राहतात. शेतातल्या बारक्या तळ्यातल्या, बोडीतल्या मासोळ्या समजा. पण बोडी सांडली का मासोळी नाल्यात जाते, नाल्यातून नदीत. मंग कुठी शोधाल? तुमच्या मानेत मले गाठ लागली नाई, म्हणजे हे अजून बोडीतच असन. पण बिघाड हाये का नाई, ते तुकडा दुर्बिणीखाली पाहिल्याबिगर कोणी सांगू शकत नाई. सुरीनं ते पसरत नाई. वाट पाहत बसल्यानं पसरते."

मायने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "एक डाव कापा. दुसऱ्या डाव मी येत नाई."

तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा निघाला. डॉक्टरांनी तो औषधाच्या पाण्यात बुडवून बाटली माझ्या हातात दिली. मी ती घरी कोनाड्यात ठेवली आणि सकाळच्या पहिल्या एसटीने नागपूरला गेले. तपासणाऱ्या माणसाने बाटली उजेडात धरली, हलवली, बूच काढून वास घेतला. आत पाण्याचा थेंब नव्हता. तुकडा मिठात गाडलेला होता.

"बाई, हे तपासायचं हाये का तळायचं?" तो म्हणाला.

बाटली उचलून मी परतीची एसटी धरली. उमरेड गेलं, भिवापूर गेलं, ब्रह्मपुरी आलं, तरी माझे कान गरमच. घरात पाऊल टाकल्याबरोबर मी तिच्यावर तुटून पडले.

"ते पानी डोळ्याले झोंबत होतं," माय म्हणाली. आवाजात जराही अपराधीपणा नव्हता, उलट जरा ऐटच होती. "असल्या पान्यात मांस राह्यते का? नागपूर काय इथी हाये? नासून गेलं असतं. म्या पानी फेकलं अन् चांगलं मीठ लावलं."

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासोळी अशीच टिकवलेली. तिने आपल्या परीने लेकीचं काम सोपं केलं होतं. तिचा सुजलेला गाल दिसला आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मला रडूच फुटलं. "माय, तू मेलीस तं मी कोणाशी भांडू?" मी म्हटलं. मला तिच्याशिवायच्या घराची भयंकर भीती वाटत होती. तिने मला जवळ ओढलं. पदराने माझं नाक पुसलं, मासोळीच्या वासाच्या पदराने.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर दवाखान्यात आली, पण फक्त बाजू मांडायला. सगळं ऐकून डॉक्टर पोट धरून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "बाई, मीठ पेशीतलं पानी ओढून घेते. पेशी आकसून जातात. मंग चांगली कोणती, बिघडलेली कोणती, काय दिसन? सुकट पाहून सांगता का तुम्ही, त्या मासोळीचा कल्ला लाल होता का फिका?"

मासोळीच्या बाबतीत माय आजवर कुणाला हार गेली नव्हती.

"नाई सांगता येत," ती म्हणाली. खुर्चीत नीट बसली आणि कुणी सांगायच्या आत तोंड उघडलं. मग काहीतरी आठवून पुन्हा मिटलं. "सांडायच्या आधी जाळं टाका, भाऊ," ती म्हणाली, आणि परत उघडलं.

या वेळी बाटली मी शेजारणीकडे ठेवली. कॅन्सरच निघाला, पण बोडीतच होता. नागपूरला गालाचा तेवढा भाग काढला, त्याबरोबर दोन दाढाही गेल्या. गुडाखू सुटली, ती मात्र शिव्या देत देत. पुढची कित्येक वर्षं ती तपासणीला जात राहिली आणि दर वेळी डॉक्टरांसाठी मरळ नेत राहिली. तोंड पूर्वीइतकं उघडेना, ठेचा झेपेना, पण बाजारातली तिची हाळी पुन्हा पार रस्त्यापर्यंत ऐकू यायला लागली. ती ऐकून मला इतकं बरं वाटायचं की शनिवारी एसटीतून उतरले की मी घरी न जाता आधी बाजारात जायचे.

एका शनिवारी तिची जुनी गिऱ्हाईक असलेली एक बाई टोपलीपाशी वाकली आणि रोहूचा कल्ला उघडून बघू लागली. मायने तिच्या गुडाखूने काळ्या पडलेल्या दातांकडे पाहिलं.

"माह्या मासोळीचा पाह्यला, आता तुहा दाखव," ती म्हणाली.

बाई हसली, लाजली, पण उन्हाकडे तोंड करून तिने 'आ' केला. माय वाकून तिच्या गालाच्या आत बघत राहिली. मग तिने टोपलीवर ओलं पोतं टाकलं. भर बाजारात धंदा सोडून उठलेली माय मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. तिने त्या बाईचा हात धरला आणि दवाखान्याच्या वाटेला लागली. मी मागून चालले होते, त्यामुळे तिचं बोलणं मला नीट ऐकू आलं.

"भेऊ नोको. दाण्याएवढं कापते. अन् पाह्य, बाटलीतलं पानी कितीबी झोंबलं तरी मीठ लावू नोको. मंग डबल कापा लागते."