मोठ्या बाबांच्या वहीतले किलोमीटर

आता हे सांगायची मला हौस नाही. पण आमच्या घरचे प्रत्येक लग्नात ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगतात. म्हटलं, माती मी खाल्ली, तर चव पण मीच सांगते.

नीटचा निकाल लागला. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरेच कमी मार्क. आणि त्या परीक्षेचं नावच असं, की येईल तो विचारणार, "काय गं, नीट नीट नाही दिली का?" नऊ जणांनी विचारलं, आणि प्रत्येकाला वाटलं हा विनोद आपल्यालाच सुचला. नवव्या वेळी मी चहाचा कप असा आपटला की कान तुटला. कपाचा.

पुढचं काम म्हणजे मेडिकल कॉलेजांच्या पसंतीची यादी ऑनलाइन भरणं. यादीतलं एकही कॉलेज तुमच्या मार्कांत बसलं नाही, तर डॉक्टरकी संपली. कारण बाबांनी आधीच सांगून टाकलं होतं, "पुन्हा परीक्षा नाही. नाही लागलं तर बीएस्सी." एवढं बोलून ते कळमेश्वरला कारखान्यात ड्युटीवर निघून गेले.

माझी यादी तयार होती. मुंबई, पुणे, मुंबई, मुंबई, नागपूर. पाचच नावं. इतक्या कमी मार्कांवर तिथं कोण घेणार, हे मला विचारायचं नाही. "कट-ऑफ खाली येईल," मी म्हणायचे. जणू तो माझ्यासाठी जिना उतरून येणार होता.

यादी भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी आमच्या प्रताप नगरच्या घरी मोठे बाबा आले. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, तहसीलमधून निवृत्त झालेले कारकून. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघतात, कोपऱ्यापर्यंत जातात आणि परत येऊन चौथ्यांदा ओढतात. काखेत वही होती. वहीत पट्टीने आखलेले रकाने, बावीस कॉलेजांची नावं, आणि प्रत्येक नावासमोर आकडा.

"मी सांगतो, तू भर वं बाई."

"काय बघून काढली ही नावं?"

"हे पाहा, इथं थेट एसटी जाते." आवाज आत स्वयंपाकघरात आईपर्यंत जाईल इतका मोठा. "आन् हे, याच्या तर गेटवरच उतरवते."

माझं डोकं फिरलं. "म्हणजे किलोमीटर मोजून कॉलेज निवडायचं?"

"आकडे पाहूनच भरा लागते. आठ दिवस बसलो मी यावर."

आता यांच्याशी कोण भांडणार? मी ठरवलं, यांच्यासमोर यांची यादी भरायची, आणि हे गेले की पुसून आपली टाकायची. बावीस नावं भरली. मध्ये एका कॉलेजचं नाव त्यांनी चुकीचं सांगितलं, तर मी सुनावलंही, "स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचत जा ना जरा."

त्यांनी वाचलं.

"हे कुलूप काहून उघडं आहे वं?"

कोपऱ्यात उघड्या कुलपाचं चित्र होतं. "राहू द्या ते."

"काहून राहू द्यायचं? कोणी नावं बदलून टाकंल ना."

"कोण बदलणार आहे?"

"आजकाल कोणाचा भरवसा? लाव."

"मोठे बाबा, नंतर लावते."

"कुलूप लावाले काय मुहूर्त लागते का? लाव म्हणतो ना."

तिथं माझा तोल गेला. मी ते चित्र दाबलं. काहीतरी मजकूर आला, न वाचता 'हो' दाबलं. "घ्या. लागलं कुलूप. ओढून बघायचंय?"

त्यांनी खरंच स्क्रीनवर तीनदा बोट लावून बघितलं.

ते गेल्यावर मी यादी बदलायला बसले. यादी हलेना. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: एकदा लॉक केलेली पसंती बदलता येणार नाही. ओटीपी मागून बघितला, फोन बंद-चालू केला. मग त्यांनाच फोन लावला. "माझं आयुष्य तुम्ही एसटीच्या अंतरावर ठरवलंत!"

"कोणतं अंतर वं?"

मी फोन आपटला. पुढे पंधरा दिवस मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

नंबर लागला. एमबीबीएसलाच. त्यांच्या यादीतल्या विसाव्या कॉलेजात. मोठे बाबा पेढे आणि वही घेऊन हजर. मी पेढा घेतला, पण तोंड वाकडंच. "लागला तुमच्या किलोमीटरवर."

"कोणते किलोमीटर?"

"हे काय, नावांसमोर लिहिलेत."

त्यांनी चष्मा काढला. "मागच्या साली त्या कॉलेजात शेवटचं पोरगं कितव्या नंबरावर घेतलं, तो नंबर आहे हा. पेपरातून उतरवला."

"मग एसटी?"

"ते तुझ्या आईले ऐकू जावं म्हणून. पोरगी दूर चालली, तर तिचा जीव घाबरते."

मी पहिल्यांदा वही नीट वाचली. माझी पाचही कॉलेजं त्यात होती, त्या बावीस नावांच्याही वर, लाल शाईने खोडलेली. त्यांच्यासमोरच्या आकड्यांच्या जवळपासही मी नव्हते. माझी यादी भरली असती, तर आज बीएस्सीला असते. आणि खालचे सगळे आकडे पाच-पाच अंकी.

मोठ्या बाबांनी एकदा वहीकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "पंचवीस हजार किलोमीटर," ते हळूच म्हणाले. "इतक्या दूर एसटी जाते, असं वाटलं तुले?"

आतून आई म्हणाली, "जाऊ द्या भाऊजी. बारावीत गणित सोडलं होतं तिनं."